धुऱ्यावरची केस आणि भावाचा दाखला

माझं गावात आपले सरकार सेवा केंद्र आहे, यवतमाळ जिल्ह्यात कळंबच्या बाजूला. दिवसभर उत्पन्नाचे दाखले, सातबारा, पीक विमा, भरतीचे फॉर्म, हेच चालू असतं. २०२१ च्या दिवाळीनंतर माझ्या लहान भावाला बुटीबोरीच्या एका कंपनीत काम लागत होतं, त्यांना पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला पाहिजे होता, अर्ज मीच भरला, फी मीच भरली आणि दाखला आला तेव्हा प्रिंटही मीच काढली. कागद अर्धा बाहेर आला तिथंच मला पोलीस स्टेशनचं नाव दिसलं, मग गुन्हा क्रमांक दिसला, मग खाली "न्यायप्रविष्ट". भाऊ समोरच्या खुर्चीवर बसून होता. मी कागद उलटा ठेवला आणि त्याला म्हटलं, अजून आला नाही रे, उद्या पाहू. रात्रभर झोप नाही. सकाळी दिला. त्याने वाचला, घडी केली, खिशात ठेवला आणि वावरात निघून गेला, एक शब्द बोलला नाही.

आज हे लिहून राहिली कारण माझ्याकडे फॉर्म भरायला येणारी पोट्टी हाच प्रश्न विचारतात, ताई केस होती, ती पुसता येते का? कोणी म्हणतं येते, कोणी म्हणतं जन्मभर राहते, आणि मधल्या मध्ये पैसे खाणारे खातात. आमच्यावर जे गेलं ते सगळं सांगते.

केस काय होती ते आधी. जुलै २०१९, डवरणीचे दिवस. आमचं वावर आणि मोठे बाबांचं वावर लागून, मध्ये फक्त धुरा, म्हणजे बांध. मोठे बाबा म्हणजे बाबांचे सख्खे मोठे भाऊ. वखरताना त्यांनी दोन तास, म्हणजे दोन ओळी, आमच्याकडे घेतले असं बाबांचं म्हणणं, आणि धुरा तुम्हीच मागच्या वर्षी कोरला असं त्यांचं म्हणणं. भाऊ तेव्हा वीस वर्षाचा, धुऱ्यावरचं गवत कापत होता, हातात विळा. बोलाचाली झाली, धक्काबुक्की झाली, मोठे बाबांनी विळा धरायला हात घातला आणि डाव्या मनगटाच्या वर चिरलं. ग्रामीण रुग्णालयात पाच टाके पडले. डॉक्टरच्या कागदावर आलं, साधी दुखापत, धारदार हत्यार. त्या "धारदार" शब्दाने जुन्या भारतीय दंड संहितेचं ३२४ कलम लागलं, सोबत ५०४ आणि ५०६, म्हणजे अपमान करून भडकावणं आणि धमकी. ३२४ जामिनाचं कलम होतं म्हणून त्याच दिवशी जामीन झाला, विळा मुद्देमाल म्हणून जप्त झाला, आणि आम्ही सगळे समजलो की झालं, आता दोन तारखा करू आणि मिटेल. नंतर लॉकडाऊन लागला, कोर्टं बंद पडली, चार्जशीट गेली, तारखा पडत राहिल्या आणि दोन घरांचं बोलणं बंद ते बंदच. पोळ्याला बैल घेऊन यायचे मोठे बाबा आमच्या दारावर, तेही बंद. आजी तर दोन्ही घरात अर्धा अर्धा महिना राहायची, तिने तेव्हापासून कोणाच्याच घरी पोटभर जेवण केलं नसेल, मी माझ्या डोळ्याने पाहिलं.

दाखला आल्यावर पहिली धावपळ चुकीच्या माणसाकडे झाली, हे मी लपवणार नाही. कोर्टाच्या बाहेर चहाच्या टपरीवर एक जण बसायचा, वकील नाही, पण सगळे त्याला ओळखतात. तो म्हणाला पंधरा हजार द्या, रेकॉर्डमधून नावच काढून आणतो. बाबांनी कापसाचे पैसे आले होते त्यातून आठ हजार दिले. तीन महिने झाले, नाव तिथंच. पैसे परत आले नाहीत.

दुसरा सल्ला त्याहून वाईट होता आणि तो गावातल्या शहाण्या माणसांनी दिला. म्हणे, गुन्हा कबूल कर, साहेब हजार दोन हजार दंड मारतील, केस संपली, मोकळा. भाऊ तयार पण झाला होता. हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं तर बरं झालं असतं, गुन्हा कबूल करून दंड भरणं म्हणजे सुटका नाही, ती शिक्षा आहे. कोर्ट तुम्हाला दोषी ठरवतं आणि मग दंड मारतं. पोळ्याच्या टाईमात पत्त्यावर धाड पडते, आठ दहा पोट्टे पकडले जातात, जुगाराची केस होते, आणि पुढच्या तारखेला कोणीतरी सगळ्यांना एका रांगेत उभं करून "कबूल आहे" म्हणायला लावतं, तीनशे रुपये दंड भरतात, हसत घरी येतात. चार वर्षांनी त्यातला एखादा माझ्याकडे भरतीचा फॉर्म भरायला येतो आणि "आपणास कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवले आहे काय" हा रकाना येतो तेव्हा त्याला मी काय सांगू? चालू असलेल्या केसमध्ये अजून रस्ते असतात, कबूल करून शिक्षा झाली की ते बहुतेक बंद होतात. वकिलाला विचारल्याशिवाय कबूल आहे म्हणू नका, कितीही लहान केस असो.

मग मीच केंद्रावर बसून शोधायला लागली. इंटरनेटवर पुष्कळ ठिकाणी बाहेरच्या देशातलं असतं, अमेरिकेत बऱ्याच राज्यांत कोर्टात अर्ज करून जुनं रेकॉर्ड मिटवता येतं किंवा सील करता येतं. आपल्याकडे मोठ्या माणसासाठी असा सरळ पुसायचा कायदा नाही. अठराच्या आतल्या लेकरांसाठी आहे, २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम २४, त्यात लेकराने गुन्हा केला असं ठरलं तरी त्यामुळे पुढे कुठली अपात्रता लागत नाही, आणि ठरलेल्या मुदतीनंतर रेकॉर्ड नष्ट करायचा आदेश बाल न्याय मंडळाला द्यावा लागतो, फक्त सोळाच्या वरच्या मुलाचा फार गंभीर गुन्हा असेल तर वेगळं. पण आमचा भाऊ वीसचा होता. त्याच्यासाठी रस्ता निघाला तो हायकोर्टात जाऊन गुन्हाच रद्द करून घेण्याचा. आमच्याकडे त्याला क्वॉशिंग म्हणतात.

हे मला सांगितलं तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीच्या टेबलावरच्या माणसाने. १५१०० हा विधी सेवेचा मदतीचा नंबर फिरवला होता, तो देशभर चालतो, त्यांनी सांगितलं तुमच्या तालुका कोर्टातच समिती आहे, तिथं जा. मी बारा वर्षं त्या कोर्टासमोरून एसटीने जाते, आत तसा टेबल आहे हे मला माहीत नव्हतं. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे, त्यात बाई असेल, अनुसूचित जाती जमातीचा माणूस असेल, लेकरू असेल, अपंग असेल, कोठडीत असेल तर उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो, आणि बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा, आपल्या महाराष्ट्रात वर्षाला तीन लाख. आमचं चार एकर कोरडवाहू, त्यात कापूस आणि तूर, तीन लाख कुठून येणार. उत्पन्नाचा दाखला माझ्याच केंद्रातून काढला, आधार, एफआयआरची कॉपी, चार्जशीटची कॉपी आणि साधा अर्ज. चार्जशीटची कॉपी आरोपीला फुकट मिळते, तो त्याचा हक्क आहे, आमच्याकडून आधी एकाने त्याचेही पाचशे घेतले होते. एफआयआर बऱ्याचदा पोलिसांच्या वेबसाईटवरच सापडते. आमचा अर्ज तिथून पुढे नागपूरच्या उच्च न्यायालय विधी सेवा उपसमितीकडे गेला आणि महिनाभरात वकील मॅडमचं नाव आलं. फी शून्य.

वकील मॅडमने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि जे समजावलं ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. ५०४ आणि ५०६ आपसात मिटतं, ते तर तालुक्याच्या कोर्टातच मिटलं असतं. ३२४ पूर्वी कोर्टाच्या परवानगीने मिटायचं, कायदा बदलल्यापासून मिटत नाही, फिर्यादी स्वतः उभा राहून म्हणाला की माझी तक्रार नाही तरी खालचं कोर्ट केस बंद करू शकत नाही. म्हणून हायकोर्ट. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ज्ञान सिंग विरुद्ध पंजाब राज्य या केसमध्ये सांगितलं की भांडण जर दोन माणसांतलं, घरगुती, खाजगी असेल आणि मनापासून मिटलं असेल, तर न मिटणारं कलम असलं तरी हायकोर्ट आपल्या अधिकारात गुन्हा रद्द करू शकतं. खून, बलात्कार, दरोडा असल्या गुन्ह्यात तसं होत नाही, तिथं तडजोडीचा कागद चालत नाही, आणि चालू पण नये. तेव्हा हे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४८२ होतं, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी नवा कायदा आला त्यात ते ५२८ झालं.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "ताई, कागद मी करते. पण फिर्यादीची सही मी नाही आणू शकत. ती तुम्हालाच आणावी लागेल."

बाबा जाणार नव्हते. त्यांचा अभिमान मला माहीत आहे. भावाला पाठवायची हिंमत नव्हती. म्हणून मी गेली, एकटी, संध्याकाळी, दिवे लागायच्या टाईमाला. मोठी आई ओसरीवर तुरीची डाळ पाखडत होती. तिने मला पाहिलं, सूप थांबवलं नाही.

"अडीच वर्सं झाले. रस्त्यानं दिसली त तोंड फिरवत होती तू. आज कशी आली?"

मी म्हटलं, चुकलं मोठी आई.

"पोट्ट्याची नोकरी अडली म्हनून आली. खरं सांग."

मी खरं सांगितलं. हो, त्याच्यासाठीच आली. खोटं बोलली असती तर तिला तिथंच समजलं असतं. ती बराच वेळ काही बोलली नाही, सूप चालूच, मग आत पाहून म्हणाली, "अहो, धाकल्याची पोरगी आली." मोठे बाबा बाहेर आले, बंडी घातलेली, आणि मी पहिल्यांदा तो हात जवळून पाहिला. टाके गेले होते पण व्रण जाड राहिला होता, पांढरा, आणि करंगळी पूर्ण बंद होत नव्हती. कापूस वेचताना त्या हाताने बोंड नीट धरता येत नाही असं मोठी आईने सांगितलं. आमच्या घरात अडीच वर्षं फक्त भावाची केस, भावाची नोकरी, भावाचं नुकसान एवढंच बोलणं होतं, या करंगळीबद्दल आमच्या घरात कोणी एकदाही विचारलं नव्हतं. मी पण नाही. मला तिथं रडायला आलं आणि मी रडली.

मोठे बाबांनी सहीला नाही म्हटलं नाही पण हो पण म्हटलं नाही. त्यांनी एकच गोष्ट मागितली, धुरा सरकारी मोजणीने ठरवा आणि जिथं निघेल तिथं दगड लावा, आणि तुझ्या बापाने आणि त्या पोट्ट्याने इथं येऊन बसावं. मोजणीचा अर्ज भूमी अभिलेखला मीच केला, अर्धी फी त्यांची अर्धी आमची. मोजणी झाली तेव्हा धुरा कोणीच धड ठेवला नव्हता असं निघालं, एका टोकाला त्यांचं आत आलं होतं, दुसऱ्या टोकाला आमचं. एवढ्यासाठी. बाबा गेले त्या दिवशी दारातच उभे राहिले, पायरी चढेनात, तर मोठे बाबाच बाहेर आले आणि म्हणाले, "ये न बे, उभा कायले?" भावाने पाय धरले. बोलणं फारसं झालं नाही, चहा झाला. आजी मात्र त्या दिवशी दोनदा जेवली.

२०२२ च्या पावसाळ्यात अर्ज दाखल झाला. मोठे बाबांचं शपथपत्र लागलं, की तक्रार मिटली आहे, गुन्हा रद्द करायला माझी हरकत नाही, दबाव नाही. तारखेला आम्ही पाच जण पहाटेच्या एसटीने निघालो, देवळी, वर्धा करत गणेशपेठला उतरलो, तिथून ऑटोने सिव्हिल लाईन्स. मोठे बाबांनी लग्नातला पांढरा सदरा घातला होता. हायकोर्टाची ती दगडी इमारत पाहून ते म्हणाले, एवढ्याशा धुऱ्यासाठी एवढ्या मोठ्या वाड्यात आलो का आपण. गेटवर आधार पाहून पास बनतात, ओरिजिनल आधार न्या, झेरॉक्सवर अडतं. मोबाईल बंद करून ठेवा.

आमचा नंबर जेवणाच्या सुट्टीनंतर लागला. दोन न्यायमूर्ती. मला वाटलं होतं तासभर चालेल, पाच सात मिनिटात झालं. मॅडमने दोन्ही बाजूंची ओळख सांगितली, सरकारी वकिलांनी जखम साधी आहे एवढं सांगितलं. मग साहेबांनी मोठे बाबांना पुढे बोलावलं आणि मराठीत विचारलं, कोणाचा दबाव आहे का तुमच्यावर? पैसे दिले का कोणी? मोठे बाबांच्या हातात टोपी होती, ती दोन्ही हातांनी धरून ते म्हणाले, "दबाव कोनाचा राहीन जी. पुतन्या हाय माहा. अंगाखांद्यावर खेळवला त्याले." साहेबांनी हात पाहिला, लांबूनच, आणि भावाला विचारलं काय करतो. भावाचा आवाज निघत नव्हता, भरतीची तयारी करतो सर, असं कसंतरी म्हणाला. गुन्हा आणि तालुक्याच्या कोर्टातली केस दोन्ही रद्द, आणि पाच हजार रुपये कॉस्ट, म्हणजे कोर्टखर्च, विधी सेवेच्या खात्यात दोन आठवड्यात भरायची. बाहेर व्हरांड्यात आलो तर बाबा आणि मोठे बाबा एकाच बाकावर बसले होते, बोलत नव्हते, पण एकाच डब्यातली भाकर खात होते.

इथं बहुतेक लोक थांबतात, आणि नेमकं इथंच थांबू नका. हायकोर्टाने रद्द केलं म्हणजे पोलिसांच्या कॉम्प्युटरमधून आपोआप जातं असं अजिबात नाही. आम्ही चार महिन्यांनी परत दाखल्याचा अर्ज केला तर परत तोच गुन्हा, परत "न्यायप्रविष्ट". कोणी कळवलंच नव्हतं. मग मी हे केलं: हायकोर्टातून आदेशाची नक्कल काढली, शिक्क्याची, चार प्रती. एक तालुक्याच्या कोर्टात दिली आणि केस निकाली झाल्याची नोंद घ्यायला लावली, कोर्टांच्या ई-कोर्ट्स वेबसाईटवर केसचा सीएनआर नंबर टाकून रोज पाहत होती बदललं का म्हणून. एक पोलीस स्टेशनला, लेखी अर्जासोबत, की सीसीटीएनएसमध्ये, म्हणजे पोलिसांच्या कॉम्प्युटरमधल्या गुन्ह्यांच्या रेकॉर्डमध्ये, नोंद दुरुस्त करा, आणि दुसऱ्या कॉपीवर तारखेसह पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय कोणताही कागद देऊ नका, ही माझ्या धंद्यातली बारा वर्षांची सवय आहे. एक एसपी ऑफिसच्या जिल्हा विशेष शाखेला, कारण चारित्र्याचा दाखला तिथून निघतो. तीन चकरा झाल्या, दोनदा साहेब नव्हते, तिसऱ्यांदा कॉम्प्युटरवरच्या मुलाने पोचची तारीख पाहिली आणि मी समोर उभी असतानाच एंट्री केली. पंधरा दिवसांनी नवा दाखला आला. यावेळी पूर्ण कागद बाहेर येईपर्यंत मी प्रिंटरला हात लावला नाही. "प्रतिकूल आढळून आले नाही" ही ओळ मी दोनदा वाचली आणि मग भावाला हाक मारली.

एक गोष्ट मात्र मी सगळ्या पोट्ट्यांना बसवून सांगते. गुन्हा रद्द झाला म्हणजे तो कधी दाखलच झाला नव्हता असं लिहायचं नाही. २०२४ ला भावाने पोलीस भरतीचा फॉर्म भरला, त्यात पुढे साक्षांकन नमुना असतो, त्यात विचारतात, आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता काय. भाऊ म्हणाला ताई, आता तर रद्द झाला, नाही लिहू का? मी म्हटलं अजिबात नाही. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने अवतार सिंगच्या केसमध्ये हेच सांगितलं, की माहिती खरी द्या, लपवली तर त्या लपवण्यावरूनच नोकरी जाऊ शकते. खरं लिहिल्यावर हमखास घेतीलच असं नाही, नोकरी देणाऱ्याला विचार करायचा अधिकार राहतो, पण साधी केस आणि ती रद्द झालेली असेल तर आपल्या बाजूने बोलायला कागद असतो. भावाने "होय" लिहिलं, खाली गुन्हा क्रमांक, कलमं, हायकोर्टाच्या आदेशाची तारीख, आणि नक्कल जोडायला काढून ठेवली.

तो त्यावेळी लेखीत चार मार्कांनी राहिला. केसमुळे नाही, मार्कांमुळे. पुढच्या भरतीची तयारी चालू आहे, पहाटे साडेचारला कळंब रोडवर पळायला जातो, आणि मोठे बाबा वावरात जायला निघतात तेव्हा परत येताना त्यांच्या बैलबंडीमागे धावत येतो. परवा मोठी आई केंद्रावर आली होती, केवायसी करायला. अंगठा लागला, पावती दिली, जाता जाता विचारलं, "तो इळा दिला का गं पोलिसायनं?" मी म्हटलं नाही, त्याला वेगळा अर्ज करावा लागतो. ती म्हणाली, नको करू मंग, राहू दे तिथंच.